शेऱ्याची जागा

फॉर्म क्रमांक दोनशे बाराच्या शेवटच्या पानावर 'शेरा' असं छापून खाली दोन ओळींची मोकळी जागा सोडलेली होती. तिथे पेन्सिलीनं काहीतरी खरडलेलं होतं, आणि ते वाचून तिच्या हातातलं लाल पेन तसंच अधांतरी राहिलं. शेऱ्याच्या जागेत सहसा कुणी काही लिहीत नाही. लिहिलंच तर 'कुत्रा आहे, जपून जावे' किंवा 'ऐकू कमी येते, मोठ्याने विचारावे' असलं, मागून येणाऱ्याच्या सोयीचं. ती जागा कॉम्प्युटरवर चढवायची नसते, म्हणून तपासणाऱ्यानंही ती वाचायची नसते. नुसती तिरकी रेघ मारून पुढे जायचं. सकाळपासून तिनं एकतीस रेघा मारल्या होत्या. बत्तिसावी मारायला हात खाली आला आणि डोळे आधी पोचले. 'शेजारच्या खोलीत एकट्या वृद्ध बाई. दर मंगळवारी दुपारी दार सताड उघडं टाकून बसतात. कोणीतरी येणार आहे म्हणतात. आपल्या यादीत नाहीत.' तिनं पान उलटून पहिल्या पानावरचा पत्ता पाहिला. रस्ता तोच, इमारत तीच, तिसरा मजला. मग उगाचच भिंतीवरच्या कॅलेंडरकडे पाहिलं. वार तिला माहीत होता. लेकीला, चिमणीला, पाळणाघरात सोडताना तिथल्या बाईंनी आज मंगळवार, आज रंगकाम, जुने कपडे घालून आणायला सांगितलं होतं ना, म्हणून हसत टोकलं होतं. अकरा वाजून गेले होते.

ती जिथे काम करायची ते ऑफिस म्हणजे एका जुन्या शाळेचा वरचा मजला होता. फळे काढून टाकले होते, पण भिंतीवर त्यांचे चौकोन अजून जरा गडद दिसायचे, आणि त्यांच्याखालच्या लाकडी चौथऱ्यावर मोठ्या बाईंचं टेबल होतं. मोठ्या बाई म्हणजे या सगळ्या अभ्यासाच्या प्रमुख. अभ्यास होता एकट्यानं राहणाऱ्या म्हाताऱ्या माणसांच्या रोजच्या जगण्याचा. कागदावर त्याचे दोन भाग होते आणि त्यांना भारदस्त नावं होती, शोधात्मक टप्पा आणि वर्णनात्मक टप्पा. ऑफिसात मात्र सगळे त्यांना चाचपणी आणि मोजणी म्हणायचे. चाचपणीत अकराच माणसं होती. त्यांच्याकडे आठवड्याच्या ठरलेल्या वारी जायचं, बसायचं, प्रश्न विचारायचे नाहीत. मोठ्या बाई म्हणायच्या, अंधाऱ्या खोलीत शिरल्यावर आधी हात पसरून उभं राहायचं असतं. काय काय आहे ते कळल्याशिवाय यादी करायला बसलात तर खुर्चीला टेबल म्हणाल. ते झालं की मोजणी. चिठ्ठ्या टाकून निवडलेली चारशे माणसं, चौसष्ट प्रश्न, प्रत्येक उत्तराला एक आकडा. चाचपणीतून प्रश्न निघायचे, मोजणीतून उत्तरं. आणि एक नियम पाळायचाच. चाचपणीतला माणूस मोजणीत घ्यायचा नाही, आणि मोजणी संपेस्तोवर त्याला भेटायचंही नाही. बोललेलं माणूस पुन्हा कोरं होत नाही, हे मोठ्या बाईंचं वाक्य. पहिल्यांदा ऐकलं तेव्हा तिला ते फार आवडलं होतं, वहीच्या आतल्या पुठ्ठ्यावर लिहून ठेवलं होतं.

तो फॉर्म चष्म्यानं भरलेला होता. चष्मा म्हणजे पलीकडच्या टेबलावरचा तिचा सहकारी, आठवड्याला सात फॉर्म भरायचा आणि प्रत्येक जिन्याच्या पायऱ्या मोजून यायचा. दोनशे बारामधल्या शेजारणीचं काय, असं तिनं सहज विचारावं तसं विचारलं. त्यानं जरा आठवल्यासारखं केलं. त्या होय, म्हणाला, मी शेजारच्यांचे प्रश्न विचारत होतो तर या आपल्या दारातून ऐकत बसलेल्या. निघालो तर मला आत बोलवायला लागल्या. म्हटलं, आजी, तुमचा नंबर लागला नाही. तर म्हणतात, लागला तर कळवा. हे सांगून तो हसला, आणि तीही सवयीनं हसली. मग त्यानं चष्मा कपाळावर चढवून तिच्याकडे पाहिलं. शेरा लिहायला नको होता का, असं त्यानं विचारलं. ती म्हणाली, नाही, बरं केलंस.

त्या बाईंचा चाचपणीतला क्रमांक सात होता. टिपणांत सगळीकडे 'क्र. ७' असंच असायचं, तोंडावर मात्र ती त्यांना मावशी म्हणायची. मावशींनी चौतीस वर्षं एका कपड्यांच्या कारखान्यात काजं केली होती. मशीनची काजं नव्हेत, हातानं घातलेली. पहिल्या मंगळवारी त्यांनी तिच्या बाहीचं बटण बोटांनी चाचपून सांगितलं होतं की हे काज घाईत केलंय, सहा महिन्यांत फाटेल. शर्ट कुणीही शिवतो, काज चुकलं की शर्ट गेला, असं त्या म्हणायच्या, आणि म्हणताना डोळे बारीक करायच्या, जणू समोर सुई आहे आणि ओवायची आहे. दोन खोल्या, मधला पडदा, खिडकीत डब्यात लावलेलं एक रोप, त्याला कधी फूल आलेलं तिनं पाहिलं नाही. कोपऱ्यात पांढऱ्या कपड्यानं झाकलेलं काहीतरी उंच होतं. ते काय म्हणून विचारायची तिला परवानगी नव्हती, आणि तिसऱ्या मंगळवारी मावशींनी स्वतःच सांगितलं, आरसा आहे, एकटीला काय करायचाय. असं सगळं आपोआप यायचं. प्रश्न न विचारता बसण्याची पहिली दहा मिनिटं फार अवघड जायची. तोंडात 'मग?' यायचं, 'का?' यायचं, ती ते गिळायची. मग हळूहळू खोलीच बोलायला लागायची. नळ, घड्याळ, मावशींच्या गुडघ्यांचा आवाज, आणि त्यातून कधीतरी मावशी. काही गोष्टी त्या दोनदा सांगायच्या. मुकादमाच्या टोपीत चुकून काज केल्याची गोष्ट तर तिसऱ्याही मंगळवारी आली आणि सहाव्याही, अगदी त्याच शब्दांत. तिनं टिपणात लिहिलं, 'आवडती आठवण'.

सातव्या मंगळवारी मावशी म्हणाल्या होत्या, संध्याकाळ झाली तरी मी दिवा लगेच लावत नाही. अंधारात बसलं की वाटतं, असेल कुणीतरी पलीकडे. लावला की दिसतं, कुणी नाही. हे तिनं जसंच्या तसं उतरवून घेतलं, आणि ऑफिसात ते सगळ्यांना आवडलं. मोठ्या बाईंनी ते दोनदा वाचलं, खिडकीबाहेर बघत राहिल्या, आणि म्हणाल्या, यातून एक प्रश्न काढता येईल. तो निघाला. प्रश्न एकतीस. 'सायंकाळी एकटेपणा जाणवतो का? नेहमी, कधी कधी, क्वचित, कधीच नाही.' चारशे म्हाताऱ्या माणसांना चार चौकटींपैकी एकीत आपली संध्याकाळ घालायची होती. चष्मा म्हणायचा, मला क्वचितवाले आवडतात, लवकर सोडतात. ती आता आठवडाभर तेच तपासत होती. एक, तीन, तीन, दोन, तीन. पुष्कळांची संध्याकाळ तीन होती. कधी कधी आकड्यांवरून लाल पेन फिरवताना तिला वाटायचं की मावशींचा तो न लावलेला दिवा या सगळ्या तीन-तीनच्या मागे कुठेतरी आहे, आणि तो आता कुणाला दिसणार नाही, कारण आता सगळीकडे उजेड आहे.

आणि मग आई यायचीच. आईला आठवायचं नाही असं ठरवलेलं नव्हतं, पण आठवायला वेळ लागतो, आणि वेळ होता कुठे. चिमणीच्या दोन झोपांच्या मधे आई कशी बसवायची? आई दुसऱ्या गावात एकटी राहायची. दर रविवारी सकाळी दहाला ही फोन करायची, एका हातात फोन, एका हातावर बाळ, किंवा बाळाच्या आधी पोट. जेवलीस का? हो. गोळ्या घेतल्यास? हो. झोप लागते ना? लागते. इतकं झालं की आई विचारायची, आणि चिमणी काय म्हणते, आणि मग उरलेला सगळा फोन चिमणीचा. चिमणीनं पालथं पडायला सुरुवात केली, चिमणीला शिंक आली, चिमणी भिंतीकडे बघून हसते. आई पलीकडून म्हणायची, तू पण हसायचीस भिंतीकडे, तुझे वडील म्हणायचे ही भिंतीशीच लग्न करणार. चिमणी पाच महिन्यांची असताना एका बुधवारी आई गेली. घर आवरायला ती गेली तेव्हा आतल्या खोलीतला पलंग इतका नीट होता की चादरीच्या घडीत धूळ बसलेली होती. बाहेरच्या खोलीत खुर्ची होती, तिच्यापुढे पाय ठेवायला उलटं ठेवलेलं खोकं, खुर्चीच्या हातावर घडी घातलेलं पांघरूण, आणि पाठीच्या उशीला एक खळगा. शेजारीण दारात उभी राहून म्हणाली, सहा महिने झाले की, आडव्या झाल्या की धाप लागायची, म्हणून बसूनच झोपायच्या, तुम्हाला ठाऊक नव्हतं? ती त्या खळग्याकडे बघत राहिली. आईनं तिला एक अक्षर खोटं सांगितलं नव्हतं. झोप लागत होती. कुठे आणि कशी, हे तिनं विचारलं नव्हतं. सव्वीस रविवार तिच्याजवळ उत्तरं होती, सगळी भरलेली, एकही चौकट रिकामी नाही. चार महिन्यांनी, नोकरीवर परतल्यावर, मोठ्या बाईंनी विचारलं होतं की चाचपणीवर जाशील का, नुसतं बसायचं असतं, कंटाळवाणं असतं, तेव्हा तिनं इतक्या झटकन हो म्हटलं की मोठ्या बाई चमकल्या होत्या.

तर असे आठ मंगळवार. नववा अर्धा. त्या दिवशी मावशी कारखान्यातल्या, त्यांच्या शेजारी बसणाऱ्या एका मुलीची गोष्ट सांगत होत्या. ती मुलगी डावखुरी होती, तिची काजं उलट्या अंगानं यायची आणि तरी सगळ्यांत सुबक असायची, आणि मावशी सांगत होत्या की एक दिवस ती आलीच नाही, दुसऱ्या दिवशीही नाही, आणि मग. तेवढ्यात पाळणाघरातून फोन आला. चिमणी तापली होती, अंग भाजत होतं, लगेच या. तिनं वही मिटली, चपला पायात घालता घालताच काहीतरी म्हणाली, बाळ आजारी आहे, असं काहीतरी. मावशी तोवर उठल्या होत्या. जा जा, म्हणाल्या, आधी पोर. जिन्यावरून वळताना तिनं वर पाहिलं तर मावशी कठड्याला धरून उभ्या. टिपणातलं त्या दिवसाचं शेवटचं वाक्य 'आणि मग'वरच थांबलेलं आहे. पुढच्या मंगळवारपर्यंत ताप उतरला नव्हता. त्याच्या पुढच्या मंगळवारी मोठ्या बाईंनी चाचपणी संपल्याचं जाहीर केलं.

संपवण्याचीही एक पद्धत होती. ज्यांच्याकडे इतके दिवस जाऊन बसलो त्यांना एकाएकी सोडायचं नाही. दोन आठवडे आधी सांगायचं, आता दोनदाच येईन. मग, आता एकदाच. मग निरोपाची भेट. तिनं दहा जणांकडे ते सगळं नीट केलं होतं; मंगळवारी तेवढं दर वेळी चिमणीचं काहीतरी आडवं आलं. कुणी रडलं होतं, कुणी सुटलो म्हणालं होतं, एका आजोबांनी तिला स्वतःचा जुना छत्रीचा दांडा भेट दिला होता. शेवटी एक तक्ता भरून द्यायचा होता, अकरा ओळी, शेवटचा रकाना 'निरोपाची भेट झाली'. दुपारची वेळ होती, चिमणी आजारातून उठलेली, चिडचिडी, कशीबशी तिच्या डाव्या हातावर झोपलेली. हात हलवला तर जागी झाली असती. उजव्या हातानं ती खुणा करत गेली. होय, होय, होय. सातव्या ओळीवर पेन थांबलं नाही. थांबलं असतं तर कदाचित सगळं वेगळं झालं असतं, पण हाताला एक लय लागलेली होती, आणि कागद पूर्ण दिसायला हवा होता, आणि मनात होतं की या आठवड्यात जाऊन येऊ, म्हणजे खूण खरीच होईल, नुसती जरा आधी केलेली. मग मोजणी सुरू झाली आणि नियम लागू झाला. आठ महिने. चौतीस मंगळवार, किंवा पस्तीस. मोजायला तिला आता चांगलं येत होतं.

जेवणाच्या सुट्टीत ती चौथऱ्यापाशी जाऊन उभी राहिली. मोठ्या बाई सफरचंद चिरत होत्या. चाचपणीतल्या सात नंबरकडे एकदा जाऊन यावंसं वाटतंय, असं तिनं सांगितलं, आणि कारण म्हणून शेऱ्याचं सांगितलं. मोठ्या बाईंनी सुरी खाली ठेवली. त्या वाईट नव्हत्या. चिमणीच्या आजारपणात त्यांनी न मागता रजा दिली होती, आणि स्वतःच्या आईला त्या रोज संध्याकाळी घास भरवायच्या, हे सगळ्यांना माहीत होतं.

"निरोप दिला होतास ना? तक्त्यात तसं आहे."

"हो," ती म्हणाली.

"मग आता जाऊन काय करणार? पुन्हा आशा लावून येशील. मंगळवारी दार उघडं टाकतात म्हणजे तुझीच वाट बघतात असं तूच ठरवलंस. हे चाचपणी करणाऱ्याचं नेहमीचं दुखणं असतं. त्या खोलीत आपण नसतानाही आपणच आहोत असं वाटायला लागतं." मग आवाज मऊ करून त्या म्हणाल्या, "दोन महिने थांब. मोजणी संपली की माझी परवानगी लागणार नाही."

सफरचंदाची एक फोड त्यांनी पुढे केली. तिनं ती घेतली, आणि तोंडात घालून जागेवर येईपर्यंत तिला चावताच आली नाही. हो, ती म्हणाली होती. पुन्हा तेच अक्षर. आईच्या तोंडून ऐकून ऐकून ते आता तिच्या तोंडात इतकं बसलं होतं की कुणीही विचारलं की निघायचं. सव्वादोनला तिनं अर्ध्या दिवसाच्या रजेचा कागद भरला. कारण, बाळाला ताप. आईनं लहानपणी बजावलं होतं की लेकराच्या आजाराचं खोटं कधी बोलू नये, लागतं. ती ते मानत नव्हती, तरी कागद दिल्यावर तिनं पाळणाघरात फोन करून चिमणी कशी आहे ते विचारलं. तिथल्या बाई म्हणाल्या, मजेत आहे, हातभर निळी झाली आहे, सहापर्यंत याल ना? ती म्हणाली, येईन.

बाहेर कोरडं, पांढरं ऊन होतं. रस्त्याच्या कडेला एक खणलेला खड्डा होता, त्यात दोन माणसं पाइपाच्या सांध्याकडे बघत बसली होती, नुसती बघत. तिला वाटलं, ही दोघं बरोबर करताहेत. बसच्या खिडकीला डोकं टेकून ती वाक्य जुळवत राहिली. मावशी, माझं चुकलं. मावशी, मला सांगायचं होतं की मी आता येणार नाही. हे कसं सांगणार, आठ महिने न गेल्यावर? मावशी, मी आले आहे ते मी येणार नाही हे सांगायला. प्रत्येक वाक्य तोंडापर्यंत येऊन हास्यास्पद व्हायचं. मग तिला वाटलं, काही बोलूच नये, जाऊन नेहमीच्या जागी बसावं, दहा मिनिटं जाऊ द्यावीत. बोलतील त्या. रागावतील. रागावल्या तर किती बरं होईल. आईला रागावता आलं नव्हतं. रागावायला समोरच्यानं निदान येऊन बसावं लागतं. आणि मोठ्या बाई म्हणतात तसं असेल तर? दार उन्हासाठी उघडं असेल, वाऱ्यासाठी, दुसऱ्याच कुणासाठी असेल तर? हा विचार आला तेव्हा तिला सुटल्यासारखं वाटायला हवं होतं. तसं वाटलं नाही, आणि तिची तिलाच लाज वाटली.

तिसऱ्या मजल्यावरचं दार उघडं होतं. भिंतीला टेकेपर्यंत उघडं, आणि ते मिटू नये म्हणून खाली चिंधीची घडी सरकवलेली. मावशी दाराकडे तोंड करून स्टुलावर बसल्या होत्या. केस ओले करून मागे बसवलेले, अंगावर इस्त्रीचे कपडे. वरचं बटण खालच्या काजात गेलेलं होतं आणि त्यामुळे गळ्याशी सगळं तिरकं झालं होतं. ते बघून ती दारातच थांबली. चौतीस वर्षं ज्यांनी काजं केली त्यांचं बटण चुकलं होतं. मावशींनी वर पाहिलं. चेहऱ्यावर राग नव्हता, आनंद नव्हता. मीटर बघायला आलेल्या माणसाकडे बघावं तसं, सभ्य, वाट देणारं काहीतरी होतं.

"कोण पाहिजे?"

"तुमच्याकडेच आले होते."

"या ना मग. दार राहू द्या तसंच. आज मंगळवार आहे."

ती आत गेली. बसायची नेहमीची जागा होती तिथे आता कपड्यांचा ढीग होता, म्हणून ती पलीकडे, खिडकीपाशी टेकली. नळ थेंब थेंब गळत होता. तिनं दहा मिनिटं थांबायचं ठरवलं होतं, पण दोन मिनिटंही थांबवेना. इतक्या मंगळवारांत पहिल्यांदाच तिनं त्या खोलीत प्रश्न विचारला. कुणी यायचंय का, असं तिनं विचारलं.

"यायचंय." मावशी दाराकडेच बघत होत्या. "कोण ते विचारू नका. मंगळवार तेवढा लक्षात राहिलाय. एक मुलगी यायची. चेहरा आणू म्हटलं तर येत नाही आता डोळ्यांपुढे. नाव तर तिनं सांगितलं होतं की नाही, तेही आठवत नाही." आणि त्या जरा ओशाळल्यासारख्या हसल्या, विसरणं ही दुसऱ्याच्या घरी कप फोडण्यासारखी गोष्ट असावी तशा.

"कशी होती?"

मावशींनी डोळे बारीक केले. सुई ओवताना करायच्या तसेच.

"विचारायची नाही काही. नुसती बसायची. आधी मला वाटलं सरकारी असेल, काहीतरी बंद करायला आली असेल. मग वाटलं, दमलीय, बसू दे. डाव्या खांद्यावर दुधाचा डाग असायचा. वही अशी वर धरायची, झाकायला. तिला वाटायचं मला दिसत नाही." त्यांनी स्वतःच्या खांद्यावर दोन बोटं ठेवली, नेमकी तिथेच. "एकदा मी बोलत होते आणि बसल्या बसल्या डोळा लागला तिचा. हातात पेन तसंच. मी बोलायची थांबले नाही. थांबले असते तर जागी झाली असती. मग काहीबाही सांगत राहिले, आधी सांगितलेलंच पुन्हा. चांगला अर्धा तास झोपली. तिला आई नसावी."

"कशावरून?"

"आई असलेली पोर अशी परक्या घरी झोपत नाही."

हे तिच्या टिपणांत कुठेही नव्हतं. नऊ मंगळवार, एकशे चौदा पानं, खोलीतली प्रत्येक वस्तू, नळाचा आवाजसुद्धा, आणि हा अर्धा तास नव्हता. तिला वाटत आलं होतं की त्या खोलीत बघणारी एकटी तीच आहे. तिच्या झोपेवर कुणीतरी आवाज धरून बसलं होतं, ताटावर पदर धरावा तसा, आणि ते करणारं माणूस आता ती गोष्ट तिलाच सांगत होतं, दुसऱ्या कुणाची म्हणून. बसमध्ये जुळवलेलं एकही वाक्य जवळ उरलं नाही. माझं चुकलं, हे कुणाला सांगायचं? जिचं चुकलं ती मुलगी अजून यायची होती.

"मावशी," ती म्हणाली. "ती मीच. मी यायचे मंगळवारी. बाळ आजारी पडलं तेव्हा अर्ध्यात उठून गेले, आणि मग आलेच नाही. सांगूनसुद्धा गेले नाही."

मावशी तिच्याकडे वळल्या. खूप वेळ, नीट, वरपासून खालपर्यंत पाहिलं त्यांनी. उलटसुलट करून एखादं कापड बघावं तसं. खांद्याकडे पाहिलं. खांदा स्वच्छ होता, चिमणी आता पेल्यानं दूध प्यायची. मग त्यांनी हात पुढे करून तिच्या गुडघ्यावर थोपटलं.

"तुम्ही चांगल्या आहात हो," त्या म्हणाल्या. "मला बरं वाटावं म्हणून म्हणताय. पण ती नव्हती अशी. ती येईल. लहान पोर असलं की उशीर व्हायचाच, मी काय रागावणार आहे का तिला?"

खाली कुणीतरी सायकल भिंतीला टेकवली. मावशी स्टूल थोडं सरकवून तिच्या जवळ आल्या, आवाज उतरवून, एखादी अडचण शेजारणीला सांगावी तसं म्हणाल्या, "तुम्हाला घाई नसेल तर बसा ना जरा. ती यायची आणि मला ओळखू यायची नाही, याचीच धास्ती वाटते. दारातून परत जाईल. तुम्ही असलात तर सांगाल मला, हीच ती म्हणून."

घड्याळात चार वाजत आले होते. सहापर्यंत वेळ होता. "नाही," ती म्हणाली, "घाई नाही." मग ती खाली वाकली आणि मावशींचं गळ्याशी चुकलेलं बटण काढून वरच्या काजात नीट घातलं, मग खालचं, मग त्याच्या खालचं. मावशींनी लहान मुलासारखी हनुवटी वर केली आणि ते करू दिलं, डोळे दारावरून न काढता. शेवटचं बटण बसलं तेव्हा जिन्यावर पावलं वाजली. हळू, दमलेली, एकेक पायरी घेत वर येणारी, आणि दोघींनी एकदमच दाराकडे पाहिलं.